मादी ओळीतले पिवळे ठिपके

बियाण्याच्या प्लॉटची तपासणी हे माझं काम. बडोद्याजवळ सावली तालुक्यात एरंडाचा संकरित प्लॉट होता. शेतकरी गायकवाडी काळात इकडे आलेल्या मराठी घरातले, गावाचे काका.

लोकांना वाटतं तपासणी म्हणजे सही आणि चहा. खरं काम माळेवर नजर ठेवण्याचं. (फुलोऱ्याला इथले शेतकरी माळच म्हणतात.) साध्या एरंडाच्या माळेला बुडाशी पिवळी नरफुलं, वर लाल तुऱ्यांची मादीफुलं. संकराच्या मादी ओळीत मात्र सगळी माळ मादीच हवी. पराग शेजारच्या नर ओळीतून वाऱ्याने यायचा. मादी ओळीतच पराग सुटला तर संकर कसला? म्हणून तसलं झाड वेळेत उपटायचं.

ऑक्टोबरात गेलो तर मादी ओळींत पिवळे ठिपके. बुडाशी नाहीत, लाल फुलांच्या मधेमधे शिंपडल्यासारखे. नरफुलं बुडाशी गठ्ठ्याने असली तर भेसळ समजावी. मधेमधे असली तर झाड अस्सल, खोड उन्हाची: पारा ३०-३२ अंशांच्या वर गेला की काही मादी वाण अशी नरफुलं काढतात. खत-पाणी कमी पडलं तरी एरंड नराकडे झुकतो. गंमत म्हणजे अशा वाणाचं स्वतःचं बी याच खोडीवर टिकतं. फुलोरा मुद्दाम गरमीत येईल अशी पेरणी करतात, म्हणजे घरचाच पराग मिळतो. १९६८ साली जीसीएच-३ हा पहिला व्यापारी एरंड-संकर देणाऱ्या गुजरातेत फॉर्मवर मात्र रकाना एकच: 'भेसळ झाडे'.

"साहेब, बी तर पावतीचं आहे," काका म्हणाले.

पराग तो परागच, कारण काहीही असो. मी झाडं उपटायला लावली. वरिष्ठांनी अहवालावर 'उत्तम' लिहिलं. त्यांच्या बुटांना शेतातली माती शेवटची कधी लागली, देव जाणे.

जानेवारीत परत गेलो. पंपाच्या खोलीमागचं एक ठिपकेवालं झाड मजुरांच्या नजरेतून सुटलं होतं. काकांनी त्याची फांदी वाकवून धरली. थंडीतली नवी माळ टोकापासून बुडापर्यंत लाल. मी भिंग काढून दोनदा पाहिली. एकही नरफूल नाही.

"आता हे कुठल्या रकान्यात?"

मी फॉर्म घडी करून खिशात घातला. उपटलेल्या झाडांच्या जागी काकांनी कोथिंबीर टाकली होती. निघताना दोन जुड्या दिल्या, पैसे घेतले नाहीत.