हीट 5: डार्लिंग्टनची भिंत आणि ट्रॅक बार

झाली एकदाची! ‘नास्कार हीट 5’ या अमेरिकन कार-रेसिंगच्या गेममध्ये डार्लिंग्टनच्या ओव्हल ट्रॅकवरची पाव शर्यत, म्हणजे 92 लॅप्स (फेऱ्या), उजवी बाजू भिंतीला न घासता पूर्ण केली. नंबर नववा आला, पण नंबरचं कोण विचारतंय. माझ्या मागच्या पोस्टनंतर ज्यांनी ‘डार्लिंग्टन सोड, टॅलाडेगाच्या ट्रॅकवर जा’ असा सल्ला दिला होता, त्यांना सप्रेम नमस्कार.

दुखणं तेच जुनं. नव्या टायरवर गाडी सुतासारखी सरळ चालते. पंधरा-वीस लॅप झाले की दोन नंबरच्या वळणातून बाहेर पडताना मागचा उजवा टायर दम सोडतो, गाडी लूज होते (मागची पकड सुटते) आणि शेपूट थेट भिंतीवर. टेस्ट सेशनमध्ये हे कळतच नाही, कारण तिथे आपण चार लॅप मारून घड्याळ बघतो. नेटवर फिरणारे बहुतेक सेटअपही (गाडीची जुळणी) त्या घड्याळासाठीच बनवलेले. एका लॅपला राजे, वीस लॅपला भिकारी.

लूज म्हटलं की हात आधी वेजकडे, म्हणजे चाकांवरच्या भाराच्या तिरक्या वाटणीकडे जातो; ती वाढवली की शेपूट धरून राहतं, पण नाक कमी वळतं. वेज वाढवली, एक-दोन नंबरच्या वळणांत गाडी शहाण्यासारखी वागायला लागली आणि तीन-चारमध्ये नाक वळेना. डार्लिंग्टनची खरी गोम हीच. 1950 साली हॅरोल्ड ब्रॅसिंग्टनने हा ट्रॅक उभा केला तेव्हा जमीनमालकाचं माशांचं तळं वाचवायचं होतं, म्हणून एक टोक आवळलं आणि ट्रॅक अंड्यासारखा झाला. आजही एक-दोनचं बँकिंग 25 अंश आणि वळण ऐसपैस, तर तीन-चारचं 23 अंश आणि वळण आवळलेलं. एकीकडे गाडी सुधारली की दुसरीकडे बिघडलीच. ‘ओव्हलवर काय, नुसतं डावीकडे तर वळायचं’ म्हणणाऱ्या आमच्या एफ-वनवाल्या मंडळींना इथे एकदा बसवायचंय.

वेज आणि टायरमधला दाब एवढ्यावर गणित सुटेना. सुटलं ते ट्रॅक बारने. हा दांडा मागचा ॲक्सल आडव्या दिशेने चॅसीला धरून ठेवतो. तो खाली घेतला की मागचा रोल सेंटर (वळताना गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू) खाली येतो आणि मागची पकड वाढते. वेज थोडी काढली, बार उतरवला, मागच्या उजव्या टायरमधली हवा किंचित कमी केली. तीन-चारमध्ये नाक वळायला लागलं आणि दोनमधून निघताना शेपूट जागेवर राहिलं. झिजलेल्या टायरवर थ्रॉटल दाबला आणि व्हील उजवीकडे मारावं लागलं नाही, तेव्हा मी असा ओरडलो की शेजारच्यांना वाटलं विकेट पडली.

नेक्स्ट जेनवाल्यांनो, हे तुमच्या कामाचं नाही. 2022 पासूनच्या या नास्कार गाडीला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र) आहे, ट्रॅक बारच नाही.

जी 29 चा (माझा लॉजिटेकचा स्टिअरिंग-पेडल सेट) ब्रेक कडक आहे म्हणून लोक आतलं रबर काढून टाकतात. मी काढलेलं नाही. तीन नंबरमध्ये शिरताना पाय नुसता टेकवायचा असतो, तिथे तो कडकपणाच उपयोगी पडतो. ऑनलाइन मागवलेला स्टँड मात्र निव्वळ पत्रा. ब्रेक मारला की पेडल मागे सरकतात. सध्या त्यांच्यामागे आईचा जुना पाटा लावलाय. वरवंट्याला अजून काम मिळालेलं नाही.

पुढचा नंबर ब्रिस्टलच्या ट्रॅकचा होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: खऱ्या जेन-6 मध्ये (नेक्स्ट जेनच्या आधीची गाडी, गेममधलीही हीच) पिटला, म्हणजे शर्यतीत टायर बदलायला थांबल्यावर, मागच्या काचेतून पाना घालून वेज आणि ट्रॅक बार दोन्ही फिरवत. गेममध्येही पिटला बदल करता येतात. मग पहिल्या लॅपपासून सगळीकडे जमेल असा एकच सेटअप शोधायचा कशाला? पहिला स्टिंट (पहिल्या पिटपर्यंतचा टप्पा) मुद्दाम टाइट, म्हणजे लूजच्या उलट, चालवायचा, मग दर पिटला थोडी थोडी वेज काढत जायचं. तेव्हा ब्रिस्टल थांबेल. रविवारी डार्लिंग्टनची अख्खी सदर्न 500 शर्यत, पूर्ण 367 लॅप्स. कुणी लांब शर्यतीत पिटला वेज फिरवून बघितली असेल, तर शनिवारच्या आत आकडे टाका.