बॅग राहू दे, आधी तुम्ही उतरा

मुलीकडे दुबईला जाताना मी पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या आणि जास्तीचा चष्मा खणाच्या बटव्यात घालून कमरेलाच बांधते. ही सवय ३ ऑगस्ट २०१६ नंतरची. त्या दिवशी तिरुअनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटून घसरत गेलं. आत ३०० माणसं. व्हिडिओत धूर दिसतोय, कर्मचारी ओरडताहेत आणि लोक वरच्या कप्प्यातून बॅगा ओढताहेत! दारातून खाली उतरायच्या हवेने फुगणाऱ्या काही घसरगुंड्या वाऱ्याने उचलल्या गेल्या होत्या, म्हणजे वाटाही कमीच. सगळे वाचले. पण थोड्याच वेळात टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवणारा एक जवान गेला. तो व्हिडिओ आठवला की अजून पोटात गोळा येतो.

भरलेलं विमान निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत रिकामं होतं का, हे चाचणीत बघतात. त्या चाचणीत बॅग काढायला कुणी थांबत नाही. शिवाय बॅगेच्या कोपऱ्याने घसरगुंडी फाटू शकते.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानातून ३७९ जण जिवंत बाहेर आले. सामान जवळपास सगळ्यांनी आतच सोडलं होतं. त्या लोकांना माझा मनापासून नमस्कार.

मागच्या खेपेला विमान उतरून अजून धावत होतं, तरी शेजारचा मुलगा उठला आणि कप्पा उघडला. बॅगेचं चाक माझ्या डोक्यावर लोंबकळलं.

"काकू, फक्त लॅपटॉप काढतोय."

"बस रे बाळा आधी," म्हणत मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.