‘निरंक’ या उत्तरापाशी अडकलेली बातमी: माझा अनुभव

गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरून मेलेल्या सफाई कामगारांवर बातमी करत होते. घरच्यांशी बोलणं, वकील, फोटो, सगळं पंधरा दिवसांत उरकलं. आकडा तेवढा अधिकृत हवा म्हणून पालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला: २०१३च्या कायद्यानं बंदी आल्यापासून तुमच्या हद्दीत असे किती मृत्यू? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला, पोच घेतली. (शिक्का पुसट उठला तर परत मारायला लावा. मी लावला नाही, अपिलात नडलं.)

मुदत तीस दिवसांची, उत्तर चाळिसाव्या दिवशी. एक ओळ: ‘सदर माहिती निरंक आहे.’ म्हणजे शून्य.

माझ्या वहीत तीन नावं होती.

पालिकेतल्या साहेबांना भेटले. "मॅडम, आमचा एकही माणूस खाली उतरत नाही." खोटं बोलत नव्हते ते, म्हणून जास्त संताप आला. तिघंही ठेकेदाराचे. आस्थापनेवर, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या नोकरीत नाहीत, म्हणून मोजणीत नाहीत. पोलिसांकडे नुसती अकस्मात मृत्यूची नोंद. वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं, सुनावणी दोनदा पुढे ढकलली. त्या बाकावर बसून कळलं, प्रश्नच चुकला होता. ‘किती मेले’ विचारू नका, कागद मागा: कार्यादेश (वर्क ऑर्डर), देयकं (बिलं), हजेरीपट. आणि अभिलेख पाहणी मागा, म्हणजे कार्यालयात बसून मूळ कागद बघता येतात, पहिला तास फुकट असतो. मला एका देयकात सापडलं, ‘चेंबर चोकअप काढणे, मजूर ३’. तारीख त्यातल्या दोघांच्या मृत्यूची.

हो, आणि महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर लागतो. उत्तर आलेल्या अर्जाआधीचा माझा पहिला त्यावरूनच परत आला होता.

घरच्यांकडे जाताना भरपाईचा नियम पाठ करून जा. सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये दहा लाख सांगितले, ऑक्टोबर २०२३मध्ये तीस. एका बाईंना ठेकेदारानं दोन लाख देऊन स्टँप पेपरवर अंगठा घेतला होता. तो कागद त्यांनी मलाच वाचायला दिला.

तिघंही एकाच जातीचे. डेस्कवरून विचारणा झाली, "यात जात कशाला?" मी ठेकेदाराला फोन लावला, बाकी समाजातली पोरं का नाहीत तुमच्याकडे?

"ती उतरत नाहीत हो."

ते वाक्य तसंच छापलं.