रंग झाला, वाफ मिळेना

रेशमावर रंगवायला शिकवणारे क्लास मुंबईत ढिगाने आहेत. कापड मंगळदास मार्केटला मिळतं, रंग-ब्रशचं सामान क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत. पण रंगवून झालेल्या रेशमाला वाफ कुठे द्यायची, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. त्या चिडीतूनच हे लिहितेय.

सुती कुर्त्यावरून थेट रेशमावर उडी मारणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. सुती कापडावरचे ॲक्रिलिक रंग धाग्याच्या वर बसतात. कापडाची खळ धुऊन काढायची, रंगवायचं, पूर्ण वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची, झालं काम. रेशमाचे रंग धाग्याच्या आत शिरतात, म्हणून कापड कडक होत नाही, सळसळ तशीच राहते. फक्त वाफ लागेपर्यंत ते कच्चे असतात. पाण्याचा एक थेंब पडला की तिथे कडा धरलेला डाग उठतो.

भाचीच्या लग्नासाठी दोन स्टोल रंगवायचे होते. रंगवण्याचा भाग मजेत पार पडला. रेशीम चौकटीवर ताणायचं, गुट्ट्याने, म्हणजे रंग अडवणाऱ्या चिकट द्रावाने, रेघ ओढायची, ती वाळली की आत रंग सोडायचा. ब्रश नुसता टेकवला तरी रंग आपोआप धावत जातो आणि गुट्ट्याच्या रेघेपाशी थबकतो. रेघेत सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी तिथून शेजारच्या पाकळीत घुसतो. म्हणून रंगाला हात लावण्याआधी चौकट खिडकीसमोर उभी धरायची, फटी लगेच दिसतात. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले की मीठ पाणी ओढून घेतं आणि चांदण्या उमटतात. आपल्याकडे पावसाळ्यात मीठच ओलं असतं, तेव्हा ते आधी तव्यावर कोरडं करून घ्या.

आता वाफ. कोणीतरी एका प्रोसेसवाल्याचं नाव दिलं. साड्यांचं काम करणारा, कारखाना मोठा, बाहेर तागे रचलेले. काउंटरवरच्या माणसाने स्टोलकडे बघितलंही नाही. "मॅडम, एक-दो पीस का काम नहीं होता. लॉट लाओ." लॉट म्हणजे किती, तर पन्नास-शंभर साड्या. मी म्हटलं, तुमच्या लॉटबरोबर माझे दोन सरकवा, पैसे पूर्ण घ्या. बरीच घासाघीस झाल्यावर एक स्टोल ठेवून घेतला. दुसरा मी दिला नाही. देव पावला म्हणायचं.

मग सुरू झालं "कल आओ". कधी बॉयलर बंद, कधी माणूस गावी, कधी "आज डार्क कलर चालू आहे, तुमचा लाइट आहे." फोन केला की उचलणारा दरवेळी नवा, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे 'स्टोल १' एवढंच लिहून दिलं. बाहेर पाऊस कोसळतोय, हवा दमट, आणि माझं कच्च्या रंगाचं रेशीम कुठल्या गठ्ठ्याखाली पडलंय देव जाणे. लग्नाची तारीख डोक्यावर, आणि मी त्या बाकड्यावर चहाचे कप मोजत बसलेली.

शेवटी मीच आत घुसले. स्टोल होता, पण चार घड्या घालून ओलसर साड्यांच्या खाली. वाफ दिलीच नव्हती. माझ्या नक्षीतल्या पांढऱ्या बगळ्यांवर साडीचा राणी रंग उतरला होता, घडी-घडीवर. काउंटरवाला म्हणाला, "धुल जायेगा." कच्च्या रंगाचं रेशीम धुतलं तर बगळेही जातील, हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

घरी येऊन सासऱ्यांसमोर तणतणले. आप्पा संपापर्यंत गिरणीत डाइंग खात्यात होते. ज्या शहरात कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तिथे दोन मीटर रेशमाला वाफ द्यायला कोणी नाही, असं मी म्हटलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "अगं, वाफच द्यायचीय ना? मोदकपात्र कुठंय?"

माळ्यावरचं जुनं ॲल्युमिनियमचं मोदकपात्र काढलं. आता त्यात मोदक होणार नाहीत. रंगाला वापरलेलं भांडं पुन्हा खाण्याला वापरायचं नसतं, सासूबाईंची कितीही कुरकुर झाली तरी. दुसरा स्टोल जुन्या धुतलेल्या सुती धोतरावर पसरून दोन्हींची मिळून सुरळी केली, म्हणजे रेशमाला रेशीम कुठेच टेकत नाही. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. सुरळी वेटोळं करून जाळीवर ठेवली, खालच्या पाण्यापासून चांगली वर. आप्पांचा सगळा जोर झाकणावर होता. झाकणाला जमलेलं पाणी थेट कापडावर टपकतं, म्हणून सुरळीवर जाड टॉवेलची घडी, वरून फॉइल. मंद आचेवर दोन तास. पाणी आटलं तर कडेने गरम पाणीच घालायचं.

हे आधी सांगायला हवं होतं: त्याच कापडाच्या चिंधीवर तेच रंग लावून ती सोबत वाफवा आणि पहिल्यांदा चिंधीच धुवा. माझ्या चिंधीचं पहिलं पाणी निळसर आलं, दुसरं जवळपास स्वच्छ. जास्तीचा रंग थोडा निघतोच, घाबरायचं नाही. मग स्टोल धुतला. पाण्यात विरघळणारा गुट्टा धुण्यात निघून जातो, त्या जागी पांढऱ्या रेघा राहतात. रबराचा गुट्टा असेल तर तो असा जात नाही, तेव्हा घेताना विचारून घ्या. रंग पक्का करणारा, नुसता ब्रशने लावायचा फिक्सरही मिळतो, पण वाफेने रंगाला जी झळाळी येते ती त्याने येत नाही.

भाचीला एकच स्टोल मिळाला. त्या प्रोसेसवाल्याने आगाऊ घेतलेले पैसे अजून परत केलेले नाहीत. परवा फोन केला तर म्हणाला, "मॅडम, अगले लॉट में अ‍ॅडजस्ट कर देंगे."