हेरिंगच्या पोटातली वेटोळी

या वर्षी एप्रिलपासून जुलैपर्यंत आई माझ्याकडे नेदरलँड्समधल्या लायडनला राहायला आली होती. मालवणात जन्म काढलेल्या बाईला मासळीबाजाराशिवाय कुठलेही गाव पुरते कळत नाही, म्हणून पहिल्याच शनिवारी मी तिला न्यूवे राइन कालव्याच्या काठी भरणाऱ्या बाजारात घेऊन गेलो. तिथे तिने न उकललेली, आख्खी, चांदीसारखी चकचकीत हेरिंग पाहिली, ती तारलीच्या गोतातली आहे हे माझ्या सांगण्याआधीच ओळखले, आणि सहा मासे घेतले. घरी आल्यावर चहाही न घेता ती साफ करायला बसली. विळी नसल्याबद्दल थोडी कुरकुर झाली, पण पहिल्या माशाचे पोट सुरीने उघडल्यावर तिचा हात थांबला आणि तिने मला हाक मारली. यकृतावर आणि आतड्याच्या बाहेरच्या अंगाला, बाळाच्या नखाएवढ्या आकाराची, चकलीसारखी चपटी, पांढुरकी वेटोळी चिकटलेली होती. त्यांतले एक तिने सुरीच्या टोकाने उचलून बशीतल्या पाण्यात ठेवले. थोड्या वेळाने ते सावकाश उलगडू लागले आणि दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची एक बारीक अळी वळवळताना दिसली. सहा माशांत मिळून आम्ही अकरा मोजल्या.

"बांगड्याच्या पोटातय कधीतरी गावतत, पण इतके नाय," एवढेच म्हणून तिने मासे खळखळून धुतले, तिखट-मीठ लावले, रव्यात घोळवले आणि तव्यावर टाकले. अस्वस्थ झालो तो मी, कारण याच बाजारातल्या गाडीवर उभा राहून, कांद्यात बुडवलेली हेरिंग शेपटीला धरून खाण्याचा क्रम मी गेली अकरा वर्षे न चुकता पाळत आलो आहे, आणि ती हेरिंग शिजवलेली नसते. त्यामुळे पुढचे काही आठवडे मी या अळीबद्दल जे मिळेल ते वाचत राहिलो.

तिचे शास्त्रीय नाव अॅनिसाकिस. डच भाषेत तिला सरळ 'हारिंगवोर्म', म्हणजे हेरिंगचा जंत, म्हणतात, पण हे नाव तिच्यावर अन्याय करणारे आहे, कारण हेरिंग हे तिचे घर नसून वाटेतली धर्मशाळा आहे. तिचे खरे घर देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांच्या जठरात असते. तिथे प्रौढ कृमी जठराच्या अस्तरात डोके खुपसून झुबक्यांनी राहतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात, अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी क्रिलसारख्या कोळंबीवजा जीवांच्या पोटात जाते, त्या क्रिलला हेरिंग खाते, आणि हेरिंगच्या पोटात ती अळी वेटोळे करून वाट पाहत पडून राहते. एखाद्या देवमाशाने ती हेरिंग गिळली की प्रवास पूर्ण होतो. हेरिंगऐवजी बांगड्याच्या जातीचा मोठा मॅकरेल, अँचोव्ही, कॉड किंवा माकूल यांनीही तिचे भागते, आणि एका माशाला दुसऱ्या मोठ्या माशाने खाल्ले तरी अळी मरत नाही, नव्या यजमानाच्या पोटात पुन्हा वेटोळे करून बसते. म्हणूनच माशाचे वय वाढते तशी त्याच्या पोटातली वेटोळीही साठत जातात, आणि कोवळ्या हेरिंगपेक्षा थोराड हेरिंगमध्ये ती जास्त सापडतात.

माणूस या साखळीत चुकून येतो. जिवंत अळी पोटात गेली तर ती बहुधा काही तासांतच जठराच्या भिंतीत शिरू पाहते आणि पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात. आतड्यापर्यंत पोचली तर त्रास काही दिवसांनी सुरू होतो. आपल्या शरीरात ती प्रौढ होऊ शकत नाही, काही आठवड्यांत मरते, पण तोवर तिच्याभोवती इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा गराडा पडून आतड्याचा तो भाग सुजतो. जठरातली अळी आज दुर्बिणीच्या चिमट्याने सहज काढता येते, आणि ती काढताच कळा थांबतात. दुर्बिणीची ही सोय नव्हती तेव्हा सर्जन अपेंडिक्स किंवा गाठ समजून पोट उघडत आणि सुजलेला तुकडा कापून काढत.

हा रोग प्रथम नीट ओळखला गेला तो नेदरलँड्समध्येच, आणि त्याहून गंमत म्हणजे लायडनमध्ये. या गावाचे आणि हेरिंगचे नाते जुने आहे. 1574 च्या 3 ऑक्टोबरला स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला तेव्हा उपाशी नागरिकांना हेरिंग आणि पांढरा पाव वाटला गेला, आणि आजही दर वर्षी त्या दिवशी इथे तेच वाटतात. त्याच गावात विसाव्या शतकाच्या मध्याला व्हॅन थील नावाचे परजीवीशास्त्रज्ञ काम करत होते. अचानक पोट दुखून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या आतड्यांच्या कापांत एका कृमीचे अवशेष दिसत होते, आणि त्या रुग्णांनी आदल्या एक-दोन दिवसांत कमी मिठाची कच्ची हेरिंग खाल्लेली असे. 1960 मध्ये व्हॅन थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध प्रसिद्ध केला, आणि थोड्याच काळात तो कृमी अॅनिसाकिस असल्याचे निश्चित होऊन रोगाला त्याचेच नाव मिळाले.

इथे मला पडलेला प्रश्न असा, की डच लोक हेरिंग काही 1950 च्या दशकात खायला लागले नाहीत. ती ते शेकडो वर्षे खात आले आहेत, आणि अळीही समुद्रात तेव्हापासूनच आहे. मग रोग एकाएकी कुठून आला?

याचे उत्तर हेरिंग टिकवण्याच्या पद्धतीत आहे. जुनी पद्धत 'काकन' नावाची. तिचे श्रेय चौदाव्या शतकातल्या बीरव्हलीट गावच्या विलेम ब्यूकेल्सझोन याला परंपरेने दिले जाते. मासा जाळ्यातून निघाला की बोटीवरच एका छोट्या सुरीने कल्ल्यांपाशी चीर देऊन कल्ले आणि आतड्यांचा बराचसा भाग एका झटक्यात ओढून काढायचा, स्वादुपिंडाचा भाग मात्र मुद्दाम आत ठेवायचा, कारण त्यातल्या पाचक रसांनीच मांस मऊ आणि चविष्ट होते, आणि मग मासे मिठाच्या थरांत पिंपात भरायचे. पिंप किनाऱ्याला लागून गिऱ्हाइकाच्या हाती मासा पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे जात, आणि मीठ इतके असे की खाण्याआधी तो पाण्यात भिजवून ठेवावा लागे. विसाव्या शतकात बर्फ आणि शीतगृहे आली. आता मासा न उकलता बर्फात ठेवून बंदरावर आणता येऊ लागला, साफसफाई किनाऱ्यावर होऊ लागली, आणि खराब होण्याची भीती उरली नाही म्हणून मीठही कमी झाले. लोकांनाही ही सौम्य चवीची, पकडल्यावर थोड्याच दिवसांत पानात पडणारी 'हिरवी' हेरिंग आवडू लागली.

पुस्तकांतून सहसा दोष दिला जातो तो उशिरा फिरलेल्या सुरीला. मासा मेल्यावर पोटातल्या अळ्या आतड्याभोवतीची जागा सोडून पोटाच्या पाळीच्या मांसात शिरतात, त्यामुळे लगेच साफ केलेला मासा सुरक्षित आणि उशिरा साफ केलेला धोक्याचा, असे हे स्पष्टीकरण आहे. ते पटण्यासारखे आहे आणि काही प्रयोगांत तसे दिसलेही, पण बर्फात ठेवलेल्या हेरिंगवरच्या इतर प्रयोगांत असे स्थलांतर आढळले नाही, आणि काही अळ्या मासा जिवंत असतानाच मांसात असतात. शिवाय काकनच्या पद्धतीतही पोट पूर्ण रिकामे होत नसे. त्यामुळे माझा कल मिठाकडे झुकतो. तीव्र खारात आठवडेच्या आठवडे अळी टिकत नाही, सौम्य खारात एक-दोन दिवस ती आरामात टिकते. पिंपातल्या मिठाने शेकडो वर्षे जे काम नकळत केले, ते बर्फ आल्यावर बंद पडले, कारण शून्य अंशाच्या आसपासची थंडी माशाचे मांस ताजे ठेवते आणि त्याच्या पोटातली अळीही.

आणि त्यावरचा उपायही थंडीचाच निघाला. 1968 मध्ये नेदरलँड्सने कायदा केला की कच्ची खायची हेरिंग आधी किमान 24 तास उणे 20 अंश सेल्सिअसला गोठवलेली असलीच पाहिजे. त्यानंतर तिथले रुग्ण जवळजवळ नाहीसे झाले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका साधा आणि इतका परिणामकारक नियम क्वचितच सापडेल. आज युरोपीय संघात कच्च्या किंवा अर्धकच्च्या खायच्या माशांसाठी हाच नियम आहे, किंवा उणे 35 अंशाला 15 तास. त्यामुळे जूनच्या मध्याला, स्खेव्हनिंगनच्या बंदरावर झेंडे लावून आणि पहिल्या पिंपाचा लिलाव करून जिचे स्वागत होते, ती किमान 16 टक्के चरबीची 'नवी' हेरिंगसुद्धा आधी गोठवलेलीच असते. गाडीवाल्याला मी हे विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे 'एवढेही ठाऊक नव्हते का' अशा नजरेने पाहिले.

शेजारच्या पश्चिम जर्मनीत मात्र हा धडा वेगळ्या मार्गाने शिकवला गेला. 1987 च्या जुलैत 'मॉनिटर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात माशांतल्या वळवळत्या अळ्या दाखवल्या गेल्या आणि मासळीची विक्री कोसळली. कडक नियम आले ते त्यानंतर. त्याच वर्षी जपानमध्ये हिसाया मोरिशिगे या प्रख्यात अभिनेत्याला, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला मॅकरेल खाल्ल्यावर, शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले, आणि ही अळी तिथे घरोघरी माहीत झाली.

व्हिनेगरवर पुष्कळांचा भाबडा विश्वास असतो. स्पेनमध्ये व्हिनेगरात मुरवलेल्या अँचोव्ही हा आवडीचा पदार्थ आहे आणि तिथल्या रुग्णांमागे बहुतेक वेळा तोच असतो, कारण ज्या अळीला देवमाशाच्या जठरातल्या आम्लात संसार करायचा आहे तिला व्हिनेगरचे काय होणार? जपानी वसाबीही तिचे काही वाकडे करत नाही. आपल्याकडे माशाला लावतात ते आगळ, लिंबू किंवा चिंचेचा कोळही त्याच पंगतीतले. उष्ण समुद्रांतल्या डॉल्फिनमध्ये याच कुळातली अॅनिसाकिस टिपिका ही जात राहते, तरी कोकणातल्या घरांत या दुखण्याला कधी नाव पडले नाही, ते आगळामुळे नव्हे, तर तव्यामुळे आणि उकळत्या तिखल्यामुळे. माशाच्या गाभ्यात 60 अंश तापमान एक मिनिट राहिले की अळी मरते, आणि आमच्याकडे बांगडा त्याहून कितीतरी अधिक भाजला जातो.

घरी सुशी किंवा मुरवलेला मॅकरेल करण्याचा उत्साह असलेल्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. घरचा फ्रीजर साधारण उणे 18 अंशाचा असतो आणि माशाच्या मध्यापर्यंत ती थंडी पोचायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे 24 तास पुरत नाहीत. अमेरिकेतला नियम उणे 20 अंशालाही सात दिवसांचा आहे, आणि घरी तोच धरावा असे माझे मत आहे. याउपर काही लोकांना या अळीची अॅलर्जी होते. तिच्यातली काही प्रथिने उष्णता सहन करतात, त्यामुळे अशांना मेलेल्या, शिजलेल्या अळीनेही अंगावर गांधी उठू शकतात. त्यांच्यासाठी फ्रीजर आणि तवा दोन्ही अपुरे आहेत.

वाचता वाचता एका अभ्यासाने मला फार वेळ थांबवले. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या शोधनिबंधांतले आकडे एकत्र करून 2020 मध्ये दाखवले, की 1978 ते 2015 या काळात माशांतल्या अॅनिसाकिसचे सरासरी प्रमाण 283 पट वाढले. सील प्राण्यांच्या पोटात राहणाऱ्या तिच्या चुलत बहिणीचे प्रमाण मात्र तसे वाढलेले नाही. कारण पक्के ठरलेले नाही. समुद्राचे वाढते तापमान हेही एक असू शकते, पण 1986 पासून व्यापारी शिकारीवर बंदी आल्यावर काही देवमाशांची संख्या सावरू लागली, हा त्यांनी मांडलेला एक अंदाज आहे. घरे वाढली तर बिऱ्हाडे वाढणारच. आईने बशीत काढून ठेवलेल्या त्या अकरा वेटोळ्यांकडे मी त्या दिवशी फक्त घाणेरडी वस्तू म्हणून पाहिले होते. उत्तर समुद्रातल्या कुठल्या तरी पॉरपॉइजच्या पोटी त्यांची आई असणार, हे तेव्हा डोक्यात आले नव्हते.

जूनमध्ये नवी हेरिंग आली तेव्हा मी आईला गाडीवर नेले. "हो मासो कच्चोच खातत?" असे तिने दोनदा विचारले. मी तिला उणे 20 अंश, 24 तास, 1968 चा कायदा हे सगळे सविस्तर समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, माझ्या हातातल्या हेरिंगचे पोट बोटाने उघडून नीट न्याहाळले, शेपटीकडचा एक घास तोडून खाल्ला, आणि बरा लागतो पण तिरफळ हवे होते असे सांगून उरलेला मासा मला परत दिला.