ग्रंजचं श्रेय कुणाचं? मॉन्टेसानो ते सिॲटल, एका आवाजाच्या मागावर

ग्रंज म्हणजे १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य टोकाला पंक आणि मेटलच्या मिश्रणातून घडलेलं जड रॉक संगीत. त्याच्या ओढीने सिॲटलला येणारे बहुतेक जण विमानतळावरून सरळ शहरात जातात, म्यूझियम ऑफ पॉप कल्चर बघतात, निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या घराशेजारच्या व्हिरेट्टा पार्कमधल्या बाकाचा फोटो काढतात आणि परततात. एवढ्यात निर्वाणा भेटतो, पण ग्रंज आलं कुठून ते कळत नाही. मी मार्ग उलटा लावला. सी-टॅक विमानतळावरच गाडी भाड्याने घेतली आणि उत्तरेला शहराकडे न वळता आय-५ हायवेने दक्षिणेला ऑलिंपिया आणि तिथून पश्चिमेला मॉन्टेसानो गाठलं. या संगीताचं पहिलं श्रेय माझ्या मते मेल्विन्स या बँडचं आहे, आणि मेल्विन्स काही सिॲटलचे नाहीत.

आधी रस्त्याचं. विमानतळ ते ऑलिंपिया साधारण ७५ किलोमीटर आणि तिथून मॉन्टेसानो आणखी ६०. ऑलिंपियानंतर यूएस-१०१, मग एसआर-८ आणि एल्मापाशी यूएस-१२ असे रस्ते एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही. चुकते ती वेळ. कामाच्या दिवशी दुपारनंतर टकोमा आणि त्यापुढच्या लष्करी तळाजवळ आय-५ तुंबतो आणि तासाभराच्या रस्त्याला दोन तास लागू शकतात, म्हणून सकाळीच निघावं. भारतीय लायसन्स इंग्रजीत असलं तरी गाडी देणाऱ्या काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो घरून निघण्यापूर्वी आरटीओतूनच काढून घ्यावा लागतो. ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस धरूनच चाला. आपल्याकडच्यासारखा कोसळणारा नाही, दिवसभर रिपरिपणारा. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, त्यामुळे हिवाळ्यात मॉन्टेसानो आणि ॲबर्डीन एका दिवसात बघायचं असेल तर सकाळी नऊपर्यंत ऑलिंपिया मागे पडलेलं हवं.

मॉन्टेसानो म्हणजे जेमतेम चार हजार वस्तीचं, ग्रेज हार्बर काउंटीच्या मुख्यालयाचं गाव. एक मुख्य रस्ता, घुमटाची कोर्टाची इमारत, आजूबाजूला लाकडाचा धंदा. १९८३ मध्ये बझ ऑझबोर्न, मॅट लूकिन आणि माइक डिलार्ड यांनी इथे मेल्विन्स सुरू केला. पुढच्याच वर्षी ॲबर्डीनचा डेल क्रोव्हर ड्रम्सवर आला. ऑझबोर्न गावातल्या थ्रिफ्टवे या किराणा दुकानात कामाला होता, आणि त्याच दुकानामागच्या पार्किंगमध्ये बँड वाजवत असताना कर्ट कोबेनने त्यांना ऐकलं. त्या काळात सगळे हार्डकोर, म्हणजे आक्रमक पंक वाजवणारे बँड एकमेकांपेक्षा वेगात वाजवण्याच्या मागे होते. मेल्विन्सचीही सुरुवात तशीच झाली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग बँडचा ‘माय वॉर’ हा अल्बम आला. त्याची दुसरी बाजू मुद्दाम संथ आणि जड होती, आणि मेल्विन्सनी तो धागा पकडून लय आणखी खाली आणली, इतकी की दोन ठोक्यांमधली शांतताही अंगावर यावी. वायव्येकडच्या बाकीच्या बँडना संथपणाची धिटाई त्यांच्यामुळे आली.

दुसरी देणगी तांत्रिक आहे. ज्याच्याकडे गिटार आहे त्याने घरी करून बघावी. सर्वांत जाड, सहावी तार नेहमीच्या ई ऐवजी डी वर उतरवा, म्हणजे दोन फ्रेटइतकी खाली. आता सर्वांत जाड तीन तारा एकाच बोटाने आडव्या दाबल्या की पूर्ण पॉवर कॉर्ड, म्हणजे जड रॉकमधला साधा, भरीव स्वरमेळ वाजतो. हात मोकळा राहतो, जड रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) झरझर सरकवता येते आणि खर्ज घुमतो. यात बिघडतं ते असं: नेहमीची पातळ तार ढिली पडून फ्रेटवर खडखडते आणि जोरात छेडली की क्षणभर चढी वाजते. उपाय म्हणजे सहावी तार एक माप जाड घ्यायची आणि हात थोडा हलका ठेवायचा. ही युक्ती ऑझबोर्नने सिॲटलच्या मंडळींच्या कानावर घातली, हे तिथल्या साउंडगार्डन बँडचा गिटारवादक किम थायिल याने स्वतः सांगितलेलं आहे. त्यांचं ‘नथिंग टू से’ हे गाणं ऐकलं की ती लगेच ओळखू येते.

मॉन्टेसानोहून ॲबर्डीन पंधरा-वीस मिनिटांवर. वेशीवरच्या फलकाखाली ‘कम ॲज यू आर’ हे निर्वाणाच्या गाण्याचं नाव लिहिलंय. ईस्ट सेकंड स्ट्रीटच्या टोकाला विश्का नदीवरच्या यंग स्ट्रीट पुलाशेजारी कोबेनच्या नावाची छोटी बाग आहे. पुलाखाली उतरायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच उतरा. नदी समुद्राच्या इतकी जवळ आहे की पाणी रोज दोनदा चढतं आणि ओहोटीला मागे निसरडा गाळ उरतो. कोबेन या पुलाखाली राहायचा ही कथा जगभर पसरली, पण तिथे मुक्काम शक्यच नव्हता, असं निर्वाणाचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक याने स्पष्ट म्हटलंय. गाळ बघितला की ते पटतं. गावात आणखी काय दिसतं, तर लाकूड गिरण्यांच्या उतरत्या कळेची खूण: बंद दुकानं, रुंद रिकामे रस्ते. क्रोव्हरच्या आईवडिलांच्या घरी मेल्विन्सची तालीम चालायची तीही ॲबर्डीनमध्येच. घरं खासगी आहेत, दारात घुटमळू नये.

परतीच्या वाटेवर ऑलिंपियात जेवणापुरतं थांबलं तरी चालेल. तिथल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात शिकताना ब्रूस पॅव्हिटने १९८० मध्ये ‘सबटेरेनियन पॉप’ हे झाइन, म्हणजे स्वतः छापलेलं छोटं नियतकालिक काढलं, त्यातूनच पुढे सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी उभी राहिली.

सिॲटलमध्ये शिरताना गाडी परत करून टाकणं शहाणपणाचं. मध्यवस्तीत पार्किंग महाग आहे आणि काचा फोडून बॅगा पळवण्याचे प्रकार होतात. लिंक रेल्वे विमानतळावरून वेस्टलेकला साधारण ४० मिनिटांत नेते, भाडं ३ डॉलर. डाउनटाउनहून ४० नंबरची बस फ्रीमाँटवरून लिअरी वेने बॅलर्डला जाते. या रस्त्यावरची ४२३० क्रमांकाची, पाचरीसारखी त्रिकोणी इमारत हे माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण. इथे १९८६ ते १९९१ रेसिप्रोकल रेकॉर्डिंग हा स्टुडिओ होता. चालवणारे ख्रिस हॅन्झेक आणि जॅक एन्डिनो. ग्रीन रिव्हरचं ‘ड्राय ॲज अ बोन’, साउंडगार्डनचं ‘स्क्रीमिंग लाइफ’, मडहनीचं ‘सुपरफझ बिगमफ’, टॅडचं ‘गॉड्स बॉल्स’, निर्वाणाचं ‘ब्लीच’ ही सगळी एन्डिनोने इथेच केली.

टेपवर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज घ्यायचे पट्टे, फक्त आठ. म्हणजे ड्रम्स मोजक्या मायक्रोफोनवर घ्यायचे, बँडने एकत्र वाजवायचं आणि गाणाऱ्याचा आवाज नंतर वरून चढवायचा. दहा गिटारींचे थर रचायची सोयच नव्हती. त्या ध्वनिमुद्रणांमध्ये खोलीची हवा ऐकू येते ती यामुळे. २३ जानेवारी १९८८ ला कोबेन, नोव्होसेलिक आणि मदतीला आलेला डेल क्रोव्हर यांनी इथे एका दुपारी दहा गाणी वाजवली. शेवटच्या गाण्यात टेप संपली. दुसरं रीळ विकत घेण्यापेक्षा एन्डिनोने गाणं विरत विरत संपवलं, आणि ते आजही तसंच ऐकू येतं. बिल झालं १५२.४४ डॉलर. एन्डिनोने हीच टेप सब पॉपच्या जोनाथन पोनमनला ऐकवली. पुढे ‘ब्लीच’चा खर्च ६०६.१७ डॉलर आला. एन्डिनो स्वतः स्किन यार्डमध्ये गिटार वाजवायचा. श्रेयाच्या यादीत बँडांच्या बरोबरीने या माणसाचं नाव यायला हवं. इमारतीत नंतरही वेगवेगळ्या नावांनी स्टुडिओ चालू राहिले. आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघायची.

या स्टुडिओच्याही आधीचा पुरावा म्हणजे ‘डीप सिक्स’. हॅन्झेक आणि टीना कसाल यांच्या सी/झेड रेकॉर्ड्सने मार्च १९८६ मध्ये २,००० प्रतींत काढलेला संग्रह. त्यातले सहा बँड: ग्रीन रिव्हर, मालफंक्शन, मेल्विन्स, स्किन यार्ड, साउंडगार्डन आणि यू-मेन. आज त्याला पायाभूत म्हणतात, तेव्हा तो खपला नाही. यातले यू-मेन वयाने आणि अनुभवाने वडीलधारे. ते ग्रंज वाजवत नव्हते, पण बाकीचे त्यांच्या कार्यक्रमांना जमायचे. १९८५ च्या बंबरशूट महोत्सवात त्यांनी मंचासमोरच्या पाण्यालाच आग लावली. तो मंच सिॲटल सेंटरमधल्या म्यूरल ॲम्फिथिएटरचा.

त्याच वर्षी शहराने टीन डान्स ऑर्डिनन्स लागू केला. तरुण मुलांसाठी कार्यक्रम ठेवायचा तर दहा लाख डॉलरचा विमा आणि पोलिसांचा बंदोबस्त, दोन्ही आयोजकाने करायचं. छोट्या आयोजकांना हे झेपणारं नव्हतं. मग उरले बार आणि तळघरं, तेच वीस-तीस चेहरे, आणि आज या बँडमध्ये तर उद्या त्या बँडमध्ये वाजवणारी माणसं. नियम २००२ मध्ये गेला.

ग्रीन रिव्हरची वंशावळ या अदलाबदलीचा सर्वांत ठळक नमुना. मार्क आर्म, स्टीव्ह टर्नर, जेफ अमेंट, ॲलेक्स शमवे, नंतर स्टोन गॉसर्ड. १९८७ च्या अखेरीस बँड फुटला. आर्म आणि टर्नरने मेल्विन्समधून सुटलेला लूकिन आणि ड्रमर डॅन पीटर्स यांना घेऊन मडहनी काढला. अमेंट आणि गॉसर्ड मालफंक्शनच्या अँड्र्यू वुडबरोबर मदर लव्ह बोनमध्ये गेले, आणि मार्च १९९० मध्ये वुड वारल्यावर त्यातून पर्ल जॅम उभा राहिला. एका बँडच्या दोन फांद्या: एक कच्चा, फझने भरलेला आवाज जपणारी, दुसरी मोठ्या मैदानांकडे जाणारी. मडहनीच्या ‘सुपरफझ बिगमफ’चं नावच गिटारचा आवाज फाटका, खरखरीत (फझ) करणाऱ्या दोन पेडलांवरून पडलंय, युनिव्हॉक्स सुपर-फझ आणि बिग मफ. पर्ल जॅमवर माझं प्रेम आहे, पण ग्रंजच्या घडणीत वाटा मोजायचा तर तो ग्रीन रिव्हरच्या खात्यात टाकावा लागतो.

हे सगळं पायी बघायचं तर फर्स्ट ॲव्हेन्यू आणि व्हर्जिनिया स्ट्रीटच्या चौकात उभं राहा. टर्मिनल सेल्स बिल्डिंग ही सब पॉपची पहिली कचेरी, १ एप्रिल १९८८ ला उघडलेली. पलीकडच्याच ब्लॉकमध्ये व्होग क्लब होता. एक ॲव्हेन्यू वर चढलं की १९०७ चं मूर थिएटर, जिथे ९ जून १९८९ च्या ‘लेम फेस्ट’मध्ये मडहनी, टॅड आणि निर्वाणा वाजले. तिथून वीस-पंचवीस मिनिटं दक्षिणेला चालत पायोनियर स्क्वेअरचं सेंट्रल सलून. या सगळ्यांनी वाजवलेला बार. आत जायला वय २१ आणि मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. जवळच ओके हॉटेलची इमारत आहे. १७ एप्रिल १९९१ ला निर्वाणाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं ते तिथे. २००१ च्या भूकंपानंतर क्लब बंद झाला.

साउंडगार्डनसाठी वेगळी सकाळ ठेवा. नाव ज्यावरून पडलं ते डग्लस हॉलिसचं शिल्प सँड पॉइंटला नोआ या सरकारी संस्थेच्या आवारात आहे: पोलादी मनोरे, त्यांना वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्या. वारा नसला तर काहीच ऐकू येत नाही. प्रवेश कामाच्या दिवशी आणि फाटकावर ओळखपत्र दाखवूनच. परदेशी पासपोर्टवर आत सोडतीलच असं धरून चालू नका, आधी फोन करून विचारा. शेजारचं मॅग्नसन पार्क मात्र सगळ्यांना खुलं. या बँडचं श्रेय दुहेरी आहे. आवाज घडवण्यात वाटा तर होताच, शिवाय या पिढीतून मोठ्या कंपनीचा करार पहिल्यांदा त्यांनीच मिळवला. त्यांचा १९८९ चा अल्बम ‘लाउडर दॅन लव्ह’ ए अँड एम या मोठ्या कंपनीने काढला, निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमच्या दोन वर्षं आधी. किम थायिलचे आईवडील केरळचे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेल याचा पुतळा म्यूझियम ऑफ पॉप कल्चरच्या बाहेर आहे, त्यासाठी तिकीट लागत नाही.

मग निर्वाणाचं काय? जानेवारी १९९२ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनला खाली सारून पहिला क्रमांक घेतला. त्याने ग्रंज जगापर्यंत नेलं, पण ते जन्माला घातलं असं म्हणता येत नाही. क्रोव्हरने त्यांच्या पहिल्या टेपवर ड्रम्स वाजवले आणि त्यांचा पुढचा ड्रमर डेव्ह ग्रोल याच्याशी गाठ ऑझबोर्नने घालून दिली. पुन्हा मेल्विन्सच. ॲलिस इन चेन्स या सिॲटलच्या बँडची वाट वेगळी, ते मेटलच्या बाजूने आले. आणि कॅस्केड पर्वतापलीकडच्या एलेन्सबर्गचा स्क्रीमिंग ट्रीज हा बँड स्वतंत्रपणे घडला. तिथे आय-९० ने १७५ किलोमीटर जावं लागतं. हिवाळ्यात स्नोक्वाल्मी खिंडीत चाकांना साखळ्या सक्तीच्या होऊ शकतात आणि भाड्याच्या गाडीला त्या लावायची परवानगी बहुतेकदा नसते, म्हणून मे ते सप्टेंबरच बरा.

एका बँडचा हिशेब मात्र अजून थकलेला आहे. १९८३ मध्ये सिॲटलमध्ये बॅम बॅम हा बँड सुरू झाला. गायिका टीना बेल ही कृष्णवर्णीय बाई, गिटारवर तिचा नवरा टॉमी मार्टिन, आणि काही काळ ड्रम्सवर मॅट कॅमेरून, जो पुढे स्किन यार्ड, साउंडगार्डन आणि पर्ल जॅममध्ये गेला. १९८४ चं ‘व्हिलन्स (ऑल्सो वेअर व्हाइट)’ ‘डीप सिक्स’च्या दोन वर्षं आधीचं. जड रिफ, त्यावर तिचा ताणलेला, धारदार आवाज. टीना बेल २०१२ मध्ये गेली. वेस्ट सिॲटलच्या ईझी स्ट्रीट रेकॉर्ड्समध्ये शिरलात तर निर्वाणाचा कप्पा आपोआप दिसेल. काउंटरवर आधी बॅम बॅम मागा, ते ध्वनिमुद्रण अलीकडे पुन्हा निघालंय.