राणीपेटचा ‘गोठलेला’ माल

“माल गोठलाय, परत घेऊन जा,” असा निरोप तमिळनाडूतल्या राणीपेटच्या एका टॅनरीतून (चामडं कमावण्याच्या कारखान्यातून) आला आणि मला तिकडे धाडलं. माल म्हणजे चामड्याच्या फिनिशिंगचं आमचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन (पाण्यात बारीक विखुरलेलं रेझिन), त्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती मिसळलेली. मातीमुळे थर घासायला टिकतो आणि इस्त्रीच्या गरम प्लेटला कमी चिकटतो.

पहिला ड्रम उघडला तर आत दह्यासारखं काहीतरी. फोर्ड कप नंबर ४ (तळाला भोक असलेला, घट्टपणा मोजायचा कप) भरला. चार थेंब पडले आणि धार तुटली. स्प्रेवरचे अण्णा माझ्याकडे बघत होते, आता बोला म्हणून. स्टिरर हळू लावला (जोरात फिरवला की हवा शिरते, मग थराला टाचणीएवढी भोकं). थोड्या वेळाने त्याच कपातून सलग धार आली. चहा पिऊन येईस्तोवर बाजूला ठेवलेला नमुना पुन्हा घट्ट!

मातीचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे. पृष्ठभाग ऋणभारित, कडांवर धनभार असू शकतो. माल स्थिर राहिला की कडा पृष्ठभागांना धरतात आणि जाळं तयार होतं. ढवळलं की ते मोडतं. स्प्रे गनच्या नोझलमध्ये तर पार मोडतं, म्हणून फवारा बारीक उडतो. चामड्यावर पडल्यावर पुन्हा जुळतं, म्हणून ओघळत नाही. ज्याची तक्रार होती, त्याच गुणासाठी माती घातलेली.

दुसरा ड्रम मात्र ढवळूनही सुधारेना. बारीक कण, वर पाणी सुटलेलं. घट्ट वाटला म्हणून अण्णांनी त्यात बोअरचं पाणी ओतलं होतं. दोन बाटल्यांत चांगला माल घेतला. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत बोअरचं. दुसरीत कण धरले. जड पाण्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांमधल्या सोडियमची जागा घेतं आणि पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून बसतात. तो ड्रम गेलाच.

बॉयलरसाठी सॉफ्टनर (पाण्यातलं कॅल्शियम काढणारं यंत्र) होताच; पातळ करायला तिथलं पाणी घ्यायचं ठरलं. अण्णांनी ते घालून एक साइड (अर्धं कातडं) मारली, बोट फिरवून पाहिलं आणि पुढची मागवली.

परतल्यावर मी माहितीपत्रकात ब्रुकफील्डचे (फिरत्या दांड्याने घट्टपणा मोजणाऱ्या यंत्राचे) ६ आणि ६० आरपीएमचे, म्हणजे हळू आणि जोरात फिरवतानाचे, दोन्ही आकडे द्यायला सांगितले, शिवाय ढवळल्यानंतर किती मिनिटांनी मोजायचं तेही. विक्रीवाल्यांना मात्र अजूनही एकच आकडा हवा आहे.